वुडन, जॉन रॉबर्ट

(१४ ऑक्टोबर १९१०–४ जून २०१०). विख्यात अमेरिकन बास्केटबॉलपटू व प्रशिक्षक. लॉस अँजेल्स येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या पुरुष संघाने (संक्षेपाने यू.सी.एल्.ए.) त्याच्या मार्गदर्शनाखाली १९६४ ते १९७५ या बारा हंगामांत दहा वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. त्यांपैकी १९६७ ते १९७३ या काळातील सात अजिंक्यपदे ओळीने मिळाली. महाविद्यालयीन पुरुष बास्केटबॉलमध्ये अन्य कोणत्याही प्रशिक्षकास पाचांहून अधिक अजिंक्यपदे मिळविता आलेली नाहीत. विद्यापीठ ज्या भागात वसले आहे त्यावरून वृत्तपत्रांनी त्याला ‘वेस्टवुडचा जादूगार’ असे नाव दिले होते; ते त्याला आवडत नसे. आपण शिक्षक आहोत, असे तो सांगे. त्याच्या कारकीर्दीचा तपशील पाहता हे केवळ विनयाचे बोलणे नव्हते, असे दिसून येते.

या कारकीर्दीचे स्वरूप ध्यानात येण्यासाठी अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडाव्यवस्थेची थोडी ओळख आवश्यक आहे. तेथे विद्यापीठाचा संघ हा त्या नगराचा, कित्येकदा त्या राज्याचाही अभिमानविषय असतो. प्रशिक्षक हा विद्यापीठाचा पगारी सेवक असून गावोगावच्या शाळांतील होतकरू मुले हेरणे, त्यांना शिष्यवृत्ती देऊन आणणे व त्यांचा संघ घडविणे ही सर्व कामे त्याच्याकडे असतात. वुडनच्या कारकीर्दीचा बहुतेक भाग ज्या काळात गेला, त्या काळात प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यास विद्यापीठाच्या मुख्य संघातून खेळण्याची मुभा नव्हती. ती १९७२ मध्ये मिळाली. त्यामुळे कितीही मोठा खेळाडू प्रशिक्षकाच्या हाती तीनच हंगाम लाभे. एखाद्या व्यावसायिक संघाप्रमाणे तेच ते खेळाडू घेऊन वर्षानुवर्षे जिंकत राहणे येथे शक्य नसते. राष्ट्रीय क्रीडासंघटनेची (एन.सी.ए.ए.) अजिंक्यपद स्पर्धा १९३९ पासून होते आणि ती बाद पद्धतीने खेळली जाते, म्हणजे एका पराभवाने हंगाम संपतो. अशा स्पर्धेत वुडनच्या संघांनी ओळीने ३८ सामने जिंकले.

वुडनचा जन्म इंडियाना राज्यातील हॉल या खेड्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. बालपण सेंटरटन येथील शेतावर गेले. घरात वीज नव्हती. वडील जोशुआ हे रात्री दिव्याच्या उजेडात मुलांना बायबल व कविता वाचून दाखवीत. तळ काढून टाकलेली टोमॅटोची टोपली धान्याच्या कोठारात खिळ्यांनी ठोकलेली आणि जुन्या मोज्यांत चिंध्या भरून केलेला चेंडू, हे त्याचे पहिले क्रीडासाहित्य होय. पुढे डुकरांच्या रोगराईमुळे व कर्जामुळे हे शेत कुटुंबाच्या हातून गेले आणि वुडन मंडळी जवळच्या मार्टिन्सव्हिल या गावी राहावयास आली. वडिलांनी तेथील एका आरोग्यधामात नोकरी धरली. शेत गेल्याबद्दल त्यांनी कोणालाही दोष दिल्याचे आपण कधी ऐकले नाही, असे वुडन उतारवयातही सांगत असे. प्राथमिक शाळा संपली तेव्हा त्यांनी मुलाला सात आचारनियम लिहून दिलेला एक कागद दिला. तो त्याने पुढे जन्मभर जवळ बाळगला.

इंडियानात बास्केटबॉलचे वेड आजही अमेरिकेतील इतर राज्यांहून अधिक आहे. मार्टिन्सव्हिलच्या शाळेची व्यायामशाळा गावच्या लोकसंख्येहून अधिक प्रेक्षक मावतील एवढी मोठी होती, असे सांगतात. या शाळेच्या संघातून वुडन ओळीने तीन वर्षे राज्य अजिंक्यपदाचा अंतिम सामना खेळला. १९२७ मध्ये संघ विजयी झाला, तर १९२६ व १९२८ मध्ये उपविजयी ठरला. १९२८ चा सामना अवघ्या एका गुणाने गेला. त्यानंतर तो पर्ड्यू विद्यापीठात दाखल झाला. तेथील प्रशिक्षक वॉर्ड लँबर्ट हा वेगवान खेळाचा पुरस्कर्ता होता. चेंडू मिळताच प्रतिपक्षाला सावरण्यास अवधी न देता धावत सुटावे, त्यासाठी खेळाडूंचा दमसास इतरांहून अधिक असावा आणि मूलभूत हालचाली त्यांच्या अंगात मुरलेल्या असाव्यात, हे लँबर्टचे सूत्र वुडनने आयुष्यभर सोडले नाही. १९३०, १९३१ व १९३२ अशी सलग तीन वर्षे त्याची अखिल अमेरिकन संघात निवड झाली. तसा मान मिळविणारा तो पहिला खेळाडू होय. जमिनीवर आपटला तरी चेंडूसारखा उसळून उभा राही, म्हणून प्रेक्षक त्याला ‘इंडियाना रबर मॅन’ म्हणत. १९३२ मध्ये त्याने इंग्रजी विषय घेऊन पदवी मिळविली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये शाळेपासूनची मैत्रीण नेली रायली हिच्याशी त्याचा विवाह झाला. महामंदीचे दिवस होते. विवाहाच्या तोंडावर गावातील बँक बुडाली व त्याची सारी शिल्लक तीत गेली.

केंटकी राज्यातील डेटन येथील शाळेत त्याने पहिली नोकरी धरली. इंग्रजी शिकवावयाचे आणि शाळेचे संघही सांभाळावयाचे, असे तिचे स्वरूप होते. पहिल्या हंगामात त्याच्या संघाने सहा सामने जिंकले व अकरा गमावले. त्याच्या चाळीस वर्षांच्या कारकीर्दीत विजयांहून पराभव अधिक असा हा एकच हंगाम होय. १९३४ मध्ये तो इंडियानातील साउथ बेंड येथील सेंट्रल हायस्कूलमध्ये गेला. दोन्ही शाळांची मिळून त्याच्या संघांची नोंद २१८ विजय व ४२ पराभव अशी आहे. या काळात शनिवार-रविवारी तो इंडियानापोलिसच्या व्यावसायिक संघातून खेळे. तेथे त्याने ओळीने १३४ मुक्त फेका अचूक केल्या होत्या.

शाळेतील या वर्षांचे महत्त्व आकड्यांपेक्षा वेगळ्या कारणासाठी आहे. मुलाला परीक्षेत वरची श्रेणी मिळाली नाही की पालक मुलाला आणि शिक्षकालाही अपयशी मानीत, हे त्याला खटकू लागले. सर्वांची कुवत सारखी नसते. मग सर्वांना एकच मोजमाप कसे लावावे? या प्रश्नातून त्याने यशाची स्वतःपुरती व्याख्या केली. आपल्या कुवतीनुसार सर्वोत्तम होण्यासाठी जेवढे करता येण्याजोगे होते तेवढे आपण केले, या जाणिवेतून लाभणारे समाधान म्हणजे यश, असा तिचा आशय होता. ही व्याख्या मुलांना समजावी म्हणून १९३४ पासून त्याने पंधरा चौकटींचा एक मनोरा रेखाटावयास घेतला व १९४८ मध्ये तो पुरा केला. ‘यशाचा पिरॅमिड’ म्हणून तो प्रसिद्ध आहे. पायाच्या दोन कोनशिला उद्योगशीलता व उत्साह या असून मैत्री, निष्ठा, सहकार्य, आत्मसंयम, शरीरक्षमता, कौशल्य, संघभावना इ. गुण त्यांच्या आधाराने वर रचलेले आहेत. पुढील काळात व्यापारी कंपन्यांच्या व्याख्यानांतून या आकृतीचा एवढा वापर झाला की, ती मुळात शाळेतील गुणपत्रिकेच्या निमित्ताने जन्मली, याचा अनेकांना विसर पडला.

दुसऱ्या महायुद्धात नौदलात अधिकारी म्हणून काम केल्यावर १९४६ मध्ये वुडन टेरे होट येथील इंडियाना स्टेट टीचर्स कॉलेजचा प्रशिक्षक झाला. तेथील पहिल्याच हंगामात त्याच्या संघास कॅन्सस सिटी येथील एका राष्ट्रीय स्पर्धेचे निमंत्रण आले. या स्पर्धेत कृष्णवर्णीय खेळाडूंना मज्जाव होता आणि वुडनच्या संघात क्लॅरेन्स वॉकर हा कृष्णवर्णीय खेळाडू होता. वॉकर हा संघाचा प्रमुख खेळाडू नव्हे, राखीव गडी होता. त्याला घरी ठेवून बाकीचा संघ नेणे सोयीचे झाले असते. वुडनने निमंत्रण नाकारले. पुढील वर्षी, १९४८ मध्ये आयोजकांनी हा निर्बंध उठविला, तेव्हा संघ स्पर्धेत उतरला आणि त्या स्पर्धेत खेळणारा वॉकर हा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. संघ अंतिम सामन्यात लुइसव्हिलकडून पराभूत झाला.

यू.सी.एल्.ए. येथील नेमणुकीमागे एक योगायोग आहे. १९४८ मध्ये मिनेसोटा व यू.सी.एल्.ए. अशा दोन विद्यापीठांशी त्याची बोलणी चालू होती व त्याचा ओढा घराजवळच्या मिनेसोटाकडे होता. मिनेसोटाचा दूरध्वनी ठरल्या वेळी आला नाही, म्हणून त्याने यू.सी.एल्.ए.ला होकार दिला. हिमवादळामुळे तारा तुटल्या होत्या, हे मिनेसोटाकडून उशिरा कळले. मात्र शब्द दिला गेला होता आणि तो फिरविण्यास वुडन तयार झाला नाही.

नव्या ठिकाणी परिस्थिती हलाखीची होती. आदल्या हंगामात संघाचे पराभव विजयांहून अधिक होते. सराव तिसऱ्या मजल्यावरील जुन्या व्यायामशाळेत चाले. त्याच दालनात शेजारी कुस्तीगीर व कसरतपटू सराव करीत. त्यांच्या हातांची पांढरी भुकटी जमिनीवर पसरे, म्हणून सरावापूर्वी स्वतः वुडन व त्याचे साहाय्यक जमीन झाडून पुसून घेत. तीन वर्षांत नवे क्रीडागृह बांधून देण्याचे आश्वासन त्याला मिळाले होते; ‘पॉली पॅव्हिलियन’ हे क्रीडागृह प्रत्यक्षात १९६५ मध्ये तयार झाले. मधल्या काळात अग्निशामक खात्याने जुन्या जागेतील प्रेक्षकसंख्येवर बंधन घातल्यामुळे आपल्याच गावातील सामने इतरांच्या सभागृहांत खेळण्याची पाळी संघावर अनेकदा आली. असे असूनही पहिल्या हंगामात वुडनने २२ सामने जिंकून दाखविले. त्यानंतर प्रादेशिक स्पर्धांत संघाने दबदबा निर्माण केला. परंतु राष्ट्रीय अजिंक्यपद दूरच राहिले. १९५९–६० च्या हंगामात तर १४ विजय व १२ पराभव अशी सामान्य नोंद झाली. १९६२ मध्ये संघ प्रथमच राष्ट्रीय उपान्त्य फेरीत पोहोचला आणि सिनसिनॅटीकडून दोन गुणांनी हरला.

राष्ट्रीय अजिंक्यपदाविना गेलेल्या या पंधरा वर्षांचा उल्लेख वुडनवरील लेखनात बहुधा ओझरता येतो. तसे होऊ नये. आजच्या विद्यापीठांत राष्ट्रीय अजिंक्यपदाविना एवढा काळ तग धरू देतील अशी प्रतिष्ठित स्थाने फार थोडी असतील. या वर्षांत तो दर उन्हाळ्यात खेळाचे एखादेच अंग, उदा., मुक्त फेक, अभ्यासासाठी निवडी. त्या विषयावर मिळेल ते वाची, नामवंत प्रशिक्षकांना व खेळाडूंना प्रश्न पाठवी व आलेली उत्तरे आपल्या टिपणांशी ताडून पाही. प्रत्येक सरावाची लेखी नोंद तो ठेवीत असल्यामुळे अमुक खेळाडूने मागील वर्षी याच आठवड्यात काय केले होते, हे त्याला वही उघडून पाहता येई.

पहिले अजिंक्यपद १९६४ मध्ये आले आणि तेही उंच खेळाडूंच्या या खेळात बुटक्या म्हणता येईल अशा संघाच्या जोरावर. वॉल्ट हॅझर्ड, गेल गुडरिच, कीथ एरिक्सन, फ्रेड स्लॉटर व जॅक हर्श या पाचांपैकी एकाचीही उंची सु. १९६ सेंमी.हून अधिक नव्हती. ही उणीव भरून काढण्यासाठी साहाय्यक प्रशिक्षक जेरी नॉर्मन याने ‘झोन प्रेस’ या बचावतंत्राचा आग्रह धरला व वुडनने तो मान्य केला. सर्वसाधारणतः बास्केट झाल्यावर बचाव करणारा संघ आपल्या बाजूस परततो व तेथे प्रतिपक्षाची वाट पाहतो. या तंत्रात तो परतत नाही. प्रतिपक्षाच्या टोकापासूनच संपूर्ण क्रीडांगणावर त्याला घेरले जाते. वुडनच्या रचनेत पुढे दोन, मध्ये दोन व अगदी मागे एक खेळाडू असे. चेंडू पाच सेकंदांत आत टाकणे आणि दहा सेकंदांत मध्यरेषेपलीकडे नेणे प्रतिपक्षास नियमानेच भाग असल्यामुळे घाईत आखूड किंवा उंच पास दिले जात आणि ते मधल्या मध्ये पकडता येत. मागच्या जागी एरिक्सन असे; त्याच वर्षीच्या टोकिओ ऑलिंपिकमध्ये तो अमेरिकेच्या व्हॉलीबॉल संघातून खेळला, यावरून त्याच्या उडीची व चापल्याची कल्पना यावी. दर खेपेस चेंडू हिसकावून घेणे हा या तंत्राचा खरा हेतू नव्हता. प्रतिपक्षाला त्याच्या सवयीच्या गतीबाहेर खेचणे हा होता. वेग वाढला की ज्याच्या मूलभूत हालचाली कच्च्या त्याच्या चुका आधी होतात, आणि वुडनच्या खेळाडूंनी त्या हालचाली ऑक्टोबरपासून रोज घोटलेल्या असत. कॅन्सस सिटी येथील अंतिम सामन्यात ड्यूक विद्यापीठाचा उंच संघ तीन गुणांनी पुढे असताना यू.सी.एल्.ए.ने सु. अडीच मिनिटांत ओळीने १६ गुण केले व सामना ९८–८३ असा जिंकला. हंगामातील तीसही सामने संघाने जिंकले होते. पुढील वर्षी मिशिगनविरुद्धच्या अंतिम सामन्यात गुडरिचने ४२ गुण करून अजिंक्यपद राखले.

त्यानंतरचा कालखंड न्यूयॉर्कहून आलेल्या लू अल्सिंडर (पुढे करीम अब्दुल-जब्बार) याचा होय. सु. २१८ सेंमी. उंचीचा हा खेळाडू देशातील बहुतेक विद्यापीठांना हवा होता. प्रथम वर्षात असताना नोव्हेंबर १९६५ मध्ये त्याच्या कनिष्ठ संघाने सलग दोनदा अजिंक्यपद मिळविलेल्या विद्यापीठाच्या मुख्य संघाला ७५–६० असे हरविले. मुख्य संघाकडून पहिल्याच सामन्यात त्याने ५६ गुण केले. एवढा उंच खेळाडू वुडनला यापूर्वी कधी लाभला नव्हता. त्याने आपली जुनी आक्रमणरचना बाजूस ठेवून अल्सिंडरभोवती नवी उभारली. तथापि सारे गुण एकट्याने करावयाचे नाहीत, हेही त्याला पटवून दिले. चेंडू कड्यावरून हाताने आत ठोसण्यास, म्हणजे ‘डंक’ करण्यास १९६७ मध्ये बंदी झाली. ती अल्सिंडरला रोखण्यासाठीच होती, अशी समजूत आहे. या बंदीने तुझे इतर फटके सुधारतील, असे वुडनने त्याला सांगितले. अल्सिंडरचा ‘स्काय हुक’ हा फटका पुढे व्यावसायिक खेळात गाजला. १९६७, १९६८ व १९६९ ही तिन्ही अजिंक्यपदे या काळातील असून तीन वर्षांत संघ दोनच सामने हरला. त्यांपैकी एक २० जानेवारी १९६८ रोजी ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये ५२,६९३ प्रेक्षकांसमोर खेळला गेला. डोळ्याला इजा झालेला अल्सिंडर त्यात नेहमीसारखा खेळू शकला नाही व ह्यूस्टन विद्यापीठाने ७१–६९ असा विजय मिळविला. दोन महिन्यांनी राष्ट्रीय उपान्त्य फेरीत याच ह्यूस्टनला यू.सी.एल्.ए.ने १०१–६९ असे हरविले.

अल्सिंडर गेल्यावर हे साम्राज्य संपेल, अशी अपेक्षा होती. सिडनी विक्स, कर्टिस रो इत्यादींच्या संघाने १९७० व १९७१ ची अजिंक्यपदे मिळवून ती खोटी ठरविली. १९७२ व १९७३ मध्ये बिल वॉल्टन व कीथ विल्क्स यांचा संघ एकही सामना न गमावता विजयी झाला. १९७३ च्या अंतिम सामन्यात वॉल्टनने २२ पैकी २१ फटके साधून ४४ गुण केले. जानेवारी १९७१ ते जानेवारी १९७४ या काळात संघाने ओळीने ८८ सामने जिंकले. पुरुषांच्या महाविद्यालयीन खेळातील हा विक्रम अद्याप अबाधित आहे. ही मालिका १९ जानेवारी १९७४ रोजी नोत्र दाम येथे खंडित झाली. अखेरची सु. साडेतीन मिनिटे उरली असताना संघ अकरा गुणांनी पुढे होता. नोत्र दामने अखेरचे बाराही गुण करून सामना ७१–७० असा जिंकला. हातची आघाडी निसटत असताना खेळ थांबवून खेळाडूंना सूचना देणे वुडनला शक्य होते. परंतु सरावात शिकविले ते सामन्यात खेळाडूंना आपले आपण आठवले पाहिजे, अशी त्याची धारणा असल्यामुळे असा विराम तो सहसा घेत नसे.

या धारणेचे मूळ त्याच्या सराव-पद्धतीत आहे. दोन तासांच्या सरावाची आखणी करण्यात तो व त्याचे साहाय्यक जवळजवळ तेवढाच वेळ सकाळी घालवीत. मिनिटामिनिटाचा कार्यक्रम लहान पत्त्यांवर लिहिलेला असे आणि एकेक सराव पाच-दहा मिनिटांत आटोपून पुढचा सुरू होई. ठरल्या वेळी सराव थांबे. हंगामाच्या पहिल्या दिवशी तो देशभरातून निवडून आणलेल्या या तरुणांना मोजे व बूट कसे घालावेत, हे शिकवी. मोज्याला सुरकुती राहिली तर फोड येतो, फोड आला की सराव चुकतो, आणि चुकलेला सराव परत मिळत नाही, अशी त्यामागील कारणमीमांसा होती. प्रारंभी हसणारे खेळाडूही पुढे या पाठाची आठवण कौतुकाने सांगत.

१९७४–७५ च्या हंगामात रोलंड थार्प व रोनल्ड गॅलिमोर या दोन मानसशास्त्रज्ञांनी त्याच्या पंधरा सरावांचे निरीक्षण करून २,३२६ कृती व उद्गार नोंदवून घेतले व त्यांचे वर्गीकरण केले. एखाद्या थोर प्रशिक्षकाच्या तोंडी स्तुती, प्रोत्साहन व धाकदपटशा यांचे प्रमाण मोठे असेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात स्तुती सु. सात टक्के व निव्वळ रागावणे त्याहून किंचित कमी आढळले. निम्म्याहून अधिक उद्गार म्हणजे काय करावे व कसे करावे, याच्या साध्या, त्रोटक सूचना होत्या, एकूण सु. तीन-चतुर्थांश बोलण्यात खेळाविषयीची माहिती होती. चूक दिसताच तो योग्य हालचाल करून दाखवी, मग खेळाडूने केलेल्या चुकीची नक्कल करी आणि पुन्हा योग्य हालचाल दाखवी. हे सर्व काही सेकंदांत उरके व खेळ पुढे चालू होई. स्पष्टीकरण, प्रात्यक्षिक, अनुकरण, दुरुस्ती व पुनरावृत्ती हा क्रम त्याने इंग्रजीच्या वर्गातून क्रीडांगणावर आणला होता. या निरीक्षणावरील लेख १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकांनीही त्याची दखल घेतली. प्रतिस्पर्धी संघांची टेहळणी वुडन फारशी करीत नसे आणि सामन्यापूर्वीच्या बोलण्यात जिंकण्याचा उल्लेख टाळी, असे त्याच्या खेळाडूंनी नमूद केले आहे.

शिस्तीच्या बाबतीत तो जुन्या वळणाचा होता. केस आखूड असावेत, तोंडी अपशब्द नसावा, सहकाऱ्याची निंदा करू नये, गुण मिळविणाऱ्याने पास देणाऱ्याकडे निर्देश करून त्याचे ऋण मान्य करावे, असे त्याचे नियम होते. व्हिएटनाम युद्धविरोधी चळवळीचा तो काळ होता. १९७२ मध्ये निदर्शनांत वॉल्टनला अटक झाली, तेव्हा वुडनने पद्धतीविषयी नापसंती दाखविली. मात्र त्याला संघातून वगळले नाही. हाच वॉल्टन दाढी राखून आला व तो आपला हक्क आहे असे म्हणू लागला, तेव्हा तुझ्या निष्ठेबद्दल मला आदर आहे, पण आम्हाला तुझी उणीव भासेल, अशा आशयाचे उत्तर त्याला मिळाले. वॉल्टनने दाढी काढली. अल्सिंडरलाही वर्णद्वेषाच्या प्रश्नावर आपल्या प्रशिक्षकाची समज अपुरी वाटत असे. दोघांतील स्नेह त्यानंतरच्या दशकांत वाढत गेला व त्यावर अब्दुल-जब्बारने २०१७ मध्ये एक पुस्तकही लिहिले.

वुडनच्या यशाचे मूल्यमापन करताना काही आक्षेपांचा विचार करावा लागतो. पहिला आक्षेप असा की, अल्सिंडर व वॉल्टन यांसारखे खेळाडू हाती असता कोणीही जिंकला असता. १९६४, १९६५, १९७० व १९७५ चे संघ तसा एकही खेळाडू नसताना विजयी झाले, हे त्याला उत्तर आहे. पण दहांपैकी पाच अजिंक्यपदे या दोघांच्या काळातील आहेत, हेही खरे. दुसरा आक्षेप स्पर्धेच्या स्वरूपाविषयीचा आहे. त्या काळी स्पर्धेत बहुधा २२ ते २५ संघ असत, प्रत्येक प्रादेशिक गटातून सामान्यतः एकालाच प्रवेश मिळे व पश्चिमेकडील संघांना आपल्याच विभागात खेळावे लागे. त्यामुळे यू.सी.एल्.ए.ला चार विजय पुरत. १९८५ पासून सहा लागतात. हा आक्षेप निराधार नाही. तिसरा आक्षेप राखीव खेळाडूंविषयीचा आहे. वुडन सात-आठ खेळाडूंवर भिस्त ठेवी. बाकीच्यांच्या वाट्यास बाकच येई. ॲस्ट्रोडोमच्या सामन्यात बाहेर काढून पुन्हा न उतरविलेला एडगर लेसी त्यानंतर संघ सोडून गेला. वॉल्टनचा राखीव गडी स्वेन नेटर याला विद्यापीठात एकदाही प्रारंभीच्या पाचांत स्थान मिळाले नाही. तरी १९७३ मध्ये व्यावसायिक संघाने त्याची पहिल्या फेरीत निवड केली. याच नेटरने पुढे गॅलिमोरच्या सहकार्याने वुडनच्या अध्यापनपद्धतीवर पुस्तक लिहिले, ही गोष्ट लक्षणीय आहे.

सर्वांत गंभीर प्रश्न सॅम गिल्बर्ट या धनाढ्य बांधकाम-व्यावसायिकाच्या संदर्भातील होय. खेळाडूंना पैसा व भेटी देणे नियमबाह्य असताना गिल्बर्टने यू.सी.एल्.ए.च्या खेळाडूंना अशी मदत केल्याचे उघडकीस आले. राष्ट्रीय क्रीडासंघटनेने १९८१ मध्ये विद्यापीठावर कारवाई केली व १९८० चे उपविजेतेपद रद्द केले. ही कारवाई वुडनच्या निवृत्तीनंतरच्या काळाविषयीची होती; त्याच्यावर स्वतः गैरव्यवहाराचा आरोप झाला नाही. परंतु गिल्बर्टचा खेळाडूंशी संबंध वुडनच्या काळापासूनचा होता. मोज्यांच्या सुरकुत्यांपर्यंत लक्ष पुरविणाऱ्या प्रशिक्षकाने या संबंधांची अधिक चौकशी का केली नाही, हा प्रश्न त्याच्या चाहत्यांनाही टाळता आलेला नाही. याखेरीज सामन्याच्या वेळी हातातील कार्यक्रमपत्रिकेची सुरळी तोंडापाशी धरून तो पंचांना व प्रसंगी प्रतिपक्षाच्या खेळाडूंना टोमणे मारी. याबद्दल त्याने उत्तरायुष्यात खेद व्यक्त केला.

डिसेंबर १९७२ मध्ये वुडनला हृदयविकाराचा सौम्य झटका आला होता. १९७४ च्या उपान्त्य सामन्यात नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाने यू.सी.एल्.ए.चा दोनदा जादा वेळ खेळवून ८०–७७ असा पराभव केला व अजिंक्यपदांची मालिका संपली. १९७५ च्या उपान्त्य सामन्यात लुइसव्हिलवर एका गुणाने विजय मिळाला. लुइसव्हिलचा प्रशिक्षक डेनी क्रम हा वुडनचाच माजी खेळाडू व साहाय्यक होता. या सामन्यानंतर लगेच वुडनने आपल्या खेळाडूंना निवृत्तीचा निर्णय सांगितला. ३१ मार्च १९७५ रोजी सॅन डिएगो येथे केंटकीला ९२–८५ असे हरवून संघाने दहावे अजिंक्यपद मिळविले. त्या रात्री एका चाहत्याने अभिनंदन करताना, गेल्या वर्षीच्या निराशेची आज भरपाई झाली, असे म्हटल्याचे वुडन सांगत असे. त्याच्यानंतर यू.सी.एल्.ए.च्या पुरुष संघास राष्ट्रीय अजिंक्यपद एकदाच, १९९५ मध्ये मिळाले आहे. तेथील २७ हंगामांत त्याची नोंद ६२० विजय व १४७ पराभव अशी झाली. त्याचे वार्षिक वेतन ३५,००० डॉलरांच्या वर कधी गेले नाही, असे नमूद केले जाते.

बास्केटबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये खेळाडू म्हणून १९६० मध्ये व प्रशिक्षक म्हणून १९७३ मध्ये त्याचा समावेश झाला, दोन्ही नात्यांनी हा मान मिळालेली तो पहिली व्यक्ती होय. अमेरिकेचा ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ हा सर्वोच्च नागरी सन्मान त्याला २००३ मध्ये देण्यात आला. प्रॅक्टिकल मॉडर्न बास्केटबॉल (१९६६) हा त्याचा ग्रंथ प्रशिक्षकांत प्रमाणभूत मानला जाई. दे कॉल मी कोच हे त्याचे आत्मवृत्तही प्रसिद्ध आहे. महिलांच्या महाविद्यालयीन खेळात कनेटिकट विद्यापीठाचा प्रशिक्षक जीनो ऑरिएमा याने ८८ सलग विजयांचा आकडा २०१० मध्ये व दहा अजिंक्यपदांचा आकडा २०१६ मध्ये ओलांडला.

पत्नी नेली हिचे २१ मार्च १९८५ रोजी निधन झाले. त्यानंतर दर महिन्याच्या २१ तारखेस तो तिला एक पत्र लिही व ते तिच्या उशीवर ठेवी. पॉली पॅव्हिलियनमधील क्रीडांगणास २००३ मध्ये नाव देण्याचे ठरले, तेव्हा त्याच्या इच्छेनुसार तिचे नाव आधी घालून ते ‘नेल अँड जॉन वुडन कोर्ट’ असे ठेवण्यात आले. वयाच्या शंभराव्या वर्षी लॉस अँजेल्स येथे, त्याच विद्यापीठाच्या रुग्णालयात त्याचे निधन झाले.